टिटवीचे घरटे

आज सकाळी भांडुपच्या खाडीलगत गाडीचे इंजिन बंद करून, खिडकीत ठेवलेल्या तांदळाच्या पिशवीवर लेन्स टेकवून दोन तास बसलो, कारण पायी येणारा माणूस दिसताच आकांत मांडणारी टिटवी थांबलेल्या गाडीला सहसा तितकी बिचकत नाही. खड्यांमधल्या उथळ खळग्यात चार अंडी होती. मातकट, काळ्या डागांची, नजर हलली की पुन्हा शोधावी लागणारी. ऊन तापल्यावर जोडीतली एक टिटवी डबक्यात पोट भिजवून आली आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार करीत बसली. तिच्या पोटावरून ओघळलेला एक थेंब मला लेन्समधून स्पष्ट दिसला. मोजके फोटो घेऊन निघालो. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही, कारण अंडी उबायला जवळपास महिना लागतो आणि तोवर तिथे गर्दी नको.