सूचनापेटीची किल्ली

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात कँटीनच्या दाराशी एक सूचनापेटी आहे. दोन वर्षांपूर्वी तिची किल्ली माझ्याकडे आली. "लोकांकडून नवीन आयडिया आल्या पाहिजेत, महिन्याला दहा तरी कायझेन दिसू देत," एवढंच प्लँट हेडनी सांगितलं. कायझेन म्हणजे रोजच्या कामात केलेली छोटी सुधारणा.

पेटी उघडली तर आत अठरा चिठ्ठ्या. काही पार पिवळ्या पडलेल्या. डाळ पातळ असते. टॉयलेटच्या दाराला कडी नाही. प्रेसशेजारचा पंखा बंद आहे. वाचून मी खट्टू झालो. यात कामाची एकही आयडिया नव्हती. लाइनवर मशीन लावून देणाऱ्या जुन्या सेटरकाकांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, पंख्याचं सांगून वर्ष झालं. तो फिरला नाही, तर पुढचं कोण सांगेल?"

ते मला लागलं. पहिला महिना मी कायझेनचं नाव काढलं नाही. मेंटेनन्सच्या मागे लागून पंखा चालू करून घेतला, कडी बसवून घेतली. डाळीचं काही जमलं नाही. का जमलं नाही ते फळ्यावर लिहून टाकलं. तेव्हापासून एक नियम धरला: चिठ्ठी कुणाचीही असो, आठ दिवसांत उत्तर द्यायचं. नाही म्हणायचं असेल तर त्या माणसाच्या मशीनपाशी जाऊन, कारण सांगून म्हणायचं. हे सगळ्यात जड जातं. पण नकार ऐकलेली माणसंही पुन्हा चिठ्ठी टाकतात, गप्प बसतात ती उत्तरच न मिळालेली, हे मी स्वतः पाहिलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पैशांच्या मंजुरीने. दोनशे रुपयांच्या स्प्रिंगसाठी तीन सह्या लागत होत्या. दोन हजारांपर्यंतचा खर्च लाइनवरच ठरवू द्या, एवढं अकाउंट्सच्या गळी उतरवायला दीड महिना गेला. ती परवानगी नसती, तर पुढचं काही घडलं नसतं.

आमच्याकडे एका ब्रॅकेटमध्ये बुश, म्हणजे नळीसारखा छोटा पोकळ भाग, दाबून बसवतात. बुशच्या एका तोंडाला चॅम्फर, म्हणजे तिरकी तासलेली कड, असतो, ती बाजू खाली जायला हवी. तेल लागलेला बुश हातात घेतला की दोन्ही तोंडं सारखीच वाटतात. महिन्याला पाच-सहा जॉब, म्हणजे तयार नग, उलट्या बुशचे निघायचे, एखादा थेट ग्राहकाकडे पोचायचा. दर वेळी आमचं उत्तर एकच: ऑपरेटरला समज दिली.

त्या प्रेसवर कंत्राटावरच्या एक ताई आहेत. गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी आल्या आणि म्हणाल्या, "सर, डब्याचं झाकण उलटं लावलं तर बसत नाही. बुशला तसंच काहीतरी करा ना." मी उत्साहाने लगेच ड्रॉइंग काढलं, टूलरूमकडून फिक्श्चर, म्हणजे जॉब नीट धरून ठेवणारी चौकट, करून घेतलं. रिंग अशी, की चॅम्फरची बाजू खाली असेल तरच बुश आत उतरेल. उलटा ठेवला तर दोन मिलिमीटर वर राहील, वरच्या पट्टीला अडेल आणि ट्रे प्रेसखाली सरकणारच नाही. कागदावर सगळं बरोबर होतं. पण दोन दिवसांत फिक्श्चर कोपऱ्यात पडलेलं दिसलं. ताई डावखुऱ्या आहेत. माझा ट्रे उजवीकडून सरकत होता, दर जॉबला त्यांना हात आडवा न्यावा लागत होता. बनवताना मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मग त्यांनीच पुठ्ठा कापून दाखवलं, हँडल कुठे हवं, ट्रे किती तिरका हवा. टूलरूमच्या पोरांनी त्या पुठ्ठ्यावरून दुसरं बनवलं, स्क्रॅपमधल्या रिंगा वापरून. खर्च नऊशे रुपये. हँडल दोन्ही बाजूंना लागतं, त्यामुळे दुसऱ्या शिफ्टचीही सोय झाली. ते लागल्यापासून उलट्या बुशची एकही तक्रार आलेली नाही.

अशा व्यवस्थेला जपानी लोक पोका-योके म्हणतात. शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात ती मांडली. आधी तिला बाका-योके म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. एका कामगार बाईला ते लागलं, 'मी काय मूर्ख आहे?' म्हणून ती रडली, आणि शब्द बदलला. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक. ट्रेनिंगला मी नवीन मुलांना हे आवर्जून सांगतो, कारण आमच्या 'समज दिली' या शेऱ्यात तोच बाका दडलेला होता. टोयोटाची कामगारांच्या सूचनांची योजना १९५१ ची आहे. आपण अजून पेटीला रंग देण्यात समाधान मानतो, याचं मला वाईट वाटतं.

कायझेनच्या शीटवर नाव टाकायची वेळ आली तेव्हा वरून सांगणं आलं की सुपरवायझरचं टाका, कंत्राटी कामगार योजनेत बसत नाहीत. मी सही केली नाही. चार दिवस ताणाताणी झाली, शेवटी ताईंचं नाव लागलं. ती शीट आज प्रेसच्या खांबावर आहे, शेजारी तो कापलेला पुठ्ठाही लावलाय.

बक्षिसाचे पाचशे रुपये मात्र त्यांना मिळालेले नाहीत. कंत्राटदारामार्फत द्यायचे की थेट, यावर फाइल अडली आहे. या सोमवारी मी ती तिसऱ्यांदा एचआरकडे नेली, आणि योजनेच्या नियमातला 'कायम' हा शब्द काढावा असा अर्ज सोबत जोडला. त्यावर लाइनवरच्या सदतीस जणांच्या सह्या आहेत.