मुंबई ते रेवदंडा, जुन्या जे-२४ ने: सव्वा मीटर पाणी आणि कुजलेला बाल्सा

‘बोट दुरुस्तीला रेवदंड्याला ने. मच्छीमारांच्या फायबरच्या बोटी तिथं रोज दुरुस्त होतात, मुंबईच्या निम्म्या पैशांत काम होईल.’ सल्ला देणारा खोटं बोलला नाही. तरी आम्ही पुरते फसलो.

आमची बोट जुनी जे-२४, शर्यतीची शिडाची बोट. रॉड जॉन्स्टन यांचं १९७० च्या दशकातलं डिझाइन, लांबी ७.३२ मीटर, वजन साधारण १४०० किलो. बुडाखाली शिशाची कील, म्हणजे खोल जाणारं जड पातं, असल्यामुळे तरंगायला १.२२ मीटर पाणी लागतं. हा आकडा मला निघण्याआधीही पाठ होता. त्याचा अर्थ खाडीच्या तोंडाशी कळला.

मुंबई बंदरातून रेवदंडा साधारण २५ सागरी मैल. मी आणि मावसभाऊ एकादशीला सकाळी साडेआठला निघालो. भरती नुकतीच पुरी झाली होती, म्हणजे सुकतीबरोबर, उतरत्या पाण्याबरोबर, बाहेर पडायला मिळणार होतं. खांदेरीच्या दीपगृहापर्यंत उत्तम गेलो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. थळच्या पुढे मात्र मच्छीमारांच्या डोल जाळ्यांचे पाण्यात रोवलेले खुंट आणि काळे प्लास्टिकचे कॅन जिथं तिथं. रात्री इथून जायचा विचारसुद्धा करू नका. चौल काडूचा खडक नकाशावर आधीच खूण करून ठेवा.

दुपारी एकनंतर वायव्येचा वारा भरला आणि तीनला आम्ही रेवदंड्याच्या खाडीच्या, म्हणजे कुंडलिका नदीच्या, तोंडाशी पोचलो, ऐन सुकतीच्या शेवटाला. आतून नदीचं पाणी बाहेर येतंय, मागून वारा आणि लाटा आत ढकलतायत. दोघांच्या भांडणात लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्यात मी शहाणपणा केला. पलीकडच्या काठावरच्या साळावला जाणारे मालवाहू बार्ज ज्या वाटेनं शिरतात ती सोडून रेवदंड्याच्या बाजूने तिरका घुसलो, अर्धा मैल वाचवायला. कील वाळूवर आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर डोलकाठी मुळापासून हलल्यासारखी वाटली. आउटबोर्ड इंजिन मागच्या फळीवर टांगलेलं. प्रत्येक लाटेला पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता किंचाळायचा. शेवटी बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) बाहेर काढून मावसभाऊ तिच्यावर लटकला. बोट कलली की कील उचलली जाते. तेवढ्यावर सुटलो. ती वीस मिनिटं मी अजून झोपेत मोजतो.

बाहेर आलेल्या एका होडीने दोर टाकला आणि खोल पाण्यातून आत नेलं. पैसे घेतले नाहीत. तिच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, एकच प्रश्न विचारला, ‘तिथ कोनती आज?’

तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते, हे आजोळी लहानपणी ऐकलेलं. एकादशीची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सहा-साडेसहा तासांनी, अडीच-तीनला, पुरी ओहोटी. मी निघण्याच्या वेळेचा हिशेब केला होता, पोचण्याच्या वेळेचा केलाच नव्हता. कील असलेली बोट नेणार असाल तर चतुर्थी-पंचमीला पहाटे साडेपाचला निघा. सुकती आणि जमिनीवरून येणारा मतलई वारा दोन्ही बाहेर काढतात, आणि बारा-एकला पोचता तेव्हा भरती अर्धी चढलेली असते. दुसरा मुहूर्त नको.

आता पैशांची गोष्ट. मच्छीमारांच्या बोटी भरतीला ओंडक्यांवरून वर ओढतात. आमच्या कीलला ओंडके काय करणार? हायड्रा, म्हणजे चाकांची क्रेन, लागला. फोनवर ४,००० ठरले होते. बोट बेल्टमध्ये अडकून हवेत लोंबकळत असताना ९,००० झाले: बेल्टचे वेगळे, ‘वेटिंग’चे वेगळे. भाव करायचाच तर बोट पाण्यात असताना, आणि उतरवण्याचे धरून. शिवाय बोट जमिनीवर उभी ठेवायचा लाकडी घोडा घरून मापाने करून न्या. आमचा तिथं दोन दिवसांत जुळवलेला घोडा पहिल्याच रात्री करकरला.

फायबरचे कारागीर हाताने उत्तम आहेत. मॅट (काचतंतूंची चटई) मारणं, रोलर फिरवून हवा काढणं त्यांनी मला शिकवावं. पण त्यांच्या बोटी एकजीव फायबरच्या. जे-२४ च्या डेकमध्ये दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्सा हे हलकं लाकूड असतं. डेकला ग्राइंडर लावला तर आतून भिजलेल्या भुशाचा लगदा निघाला. ‘शेठ, फायबरमदी लाकूर कोन घालतो?’ असं म्हणून त्यांनी पुट्टीचा डबा उघडला. मी ओरडलो नसतो तर सगळं कुजकं तसंच आत बंद झालं असतं.

म्हणून निघण्याआधी घरीच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा डेक ठोका. टणक आवाज आला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला की आत पाणी आहे. स्टँशनच्या (कडेच्या कठड्याच्या खांबांच्या) बुडाशी आणि शिडाच्या तारा जिथं डेकमधून खाली जातात तिथं हमखास वाजतो. जुन्या जे-२४ मध्ये कीलच्या वरच्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट हे हलकं दाणेदार खनिज भरलेलं असतं, ते स्पंजासारखं पाणी धरून बसतं. तेही उकरा.

आम्ही बाल्साऐवजी मरीन प्लायचे छोटे चौकोन बसवले, मध्ये इपॉक्सी रेझिन भरून, म्हणजे एक कुजला तरी शेजाऱ्याला लागण नाही. वजन वाढलं, शर्यतवाले नाकं मुरडतील. नवा थर नीट जोडला जावा म्हणून वरच्या थराला कडेने एकास बाराचा उतार घासा: थर चार मिलिमीटर असेल तर पाच सेंटिमीटर. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरा आणि मगच नवं भोक पाडा. इपॉक्सीबरोबर नेहमीची मॅट वापरू नका. तिच्यातले तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. काचतंतूंचं विणलेलं कापड मुंबईहूनच न्या. पॉलिएस्टर वापरणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि हार्डनर कधीही थेट एकत्र ओतू नका, भडका उडतो. आमच्या शेजारी दोन्ही बाटल्या एकाच घमेल्यात ठेवलेल्या होत्या. आणि काम दव वाळल्यावर, पण अकराच्या आत. उन्हात डबा हातातच दगड होतो.

परत येणं सोपं गेलं. पहाटेच्या वाऱ्यावर दुपारपर्यंत खांदेरी मागे पडली होती.

डाव्या बाजूचा मागचा स्टँशन अजून बद्द वाजतो. तो तिथेच उघडायला हवा होता, पण तेव्हा आम्ही दोघंही दमलो होतो आणि हायड्रावाला खाली उभा राहून घड्याळ बघत होता.