तुम्ही विचारलंत म्हणून: बटण दाबलं की मोझाइकचं, म्हणजे दगडाचे छोटे तुकडे जोडून करायच्या चित्राचं, डिझाइन निघतं, मग इतके दिवस कशाला?

बेळगाव असो की निपाणी, मोबाइलवरचा फोटो पुढं करून गिऱ्हाईक हेच विचारतं. फोटोचे चौकोन पाडायला कॉम्प्युटरला दोन सेकंद पुरतात, ते खरंच आहे. पण ते चौकोन रंगाचे असतात, दगडाचे नाहीत. काळा कडाप्पा, काळा ग्रॅनाइट, राखाडी शहाबादी, हिरवट कोटा, इलकलचा तांबडा ग्रॅनाइट, पिवळा जैसलमेर, पांढरा मकराना, एवढ्यातच चित्र बसवायचं. निळं आकाश कुठून आणायचं? म्हणून आधी हातातल्या फरशीचे रंग मोजायचे आणि प्रोग्रामला तेवढ्यातूनच निवडायला लावायचं. खानापूरचा जांभा का नको? तो सच्छिद्र, 10 मिमीला कापला की भुगा होतो.

देव्हाऱ्यामागच्या विठ्ठलाचं ते पॅनेल अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. 4 बाय 3 फूट, 10 मिमीचे तुकडे, 1.5 मिमीची फट, म्हणजे 106 गुणिले 79, एकूण 8374 तुकडे. चेहऱ्याच्या उजेडाच्या जागी बिनपॉलिशचा, कोरडा असताना राखाडी दिसणारा कडाप्पा आणि सावलीला काळा ग्रॅनाइट, ही निवड प्रोग्रामची. स्क्रीनवर नाक, ओठ सुरेख दिसत होते. ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचा मसाला, भरून त्यावर सीलर, म्हणजे दगडाला डाग-पाणी लागू नये म्हणून लावायचा द्रव, मारला आणि कडाप्पा ओल्यासारखा काळाभोर झाला. ग्रॅनाइट आणि तो एकच दिसायला लागले. नाक गेलं, ओठ गेले. वर फिकट ग्राउट, चेहऱ्यावर जाळं टाकल्यासारखं. शेवटी चेहऱ्याचे 22 गुणिले 26, म्हणजे 572 तुकडे छिन्नीनं उकरून काढले.

चूक प्रोग्रामची नव्हती. त्याला कोरड्या दगडाचे रंग दिले होते, आणि फटींचा हिशेब दिलाच नव्हता. या मापात 24 टक्के जागा ग्राउटची असते. आता प्रत्येक नमुन्याला सीलर मारून, पूर्ण वाळवून, एकाच उजेडात, रंग पडताळायला राखाडी कार्ड शेजारी ठेवून फोटो घ्यायचा. मग दगड 76, ग्राउट 24 अशी सरासरी, तीही प्रत्यक्ष प्रकाशाची. फोटोच्या फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात; ते तसेच मिसळले तर काळ्या दगडातला फिकट ग्राउट हिशेबात कमी भरतो. दिवस जातात ते यात. शिवाय कापताना 2 मिमीचं पातं उभं आणि आडवं दोन्ही कापांत खातं, 30 टक्के फरशी नुसती पावडर होते. त्याचेही पैसे लागतातच ना?

भुवईच्या, गालाच्या वळणानं तुकडे फिरवणं कॉम्प्युटरला जमायचं नाही, असं आम्हीच छातीठोकपणे सांगायचो. ते चूक होतं. 2001 सालीच कॉम्प्युटर ग्राफिक्सचे संशोधक हाउसनर यांनी वोरोनोई आकृत्यांवरून, म्हणजे प्रत्येक बिंदूला त्याच्या सर्वांत जवळची जागा वाटून देणाऱ्या आखणीवरून, चौकोनी तुकडे चित्राच्या कडांना धरून फिरवून दाखवले होते. तरी वळणावर फट पाचरीसारखी रुंदावते आणि तिथं मिस्त्री निपरनं, म्हणजे कातरायच्या पकडीनं, तुकडा कातरून बसवतो. एका डोळ्याला जेमतेम चार तुकडे येतात. ते चार प्रोग्रामनं सांगितलेले लावायचे की मिस्त्रीच्या नजरेचे, यावर आमच्याकडं अजून दर पॅनेलला वाद होतो.