काकू, याले कातरून काऊन नाही टाकत?

आमच्या या कुत्र्याबद्दल, चांद्याबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्हीच नाही, दूध न्यायला येणाऱ्या सुना, वावरात मेंढरं बसवायला आलेला धनगर, सगळ्यांचा सवाल एकच: "काकू, आपल्या वर्धेचं ऊन अन् याच्या अंगावर हे घोंगडं! कातरून काऊन नाही टाकत?" लशी झाल्या का, हे मात्र कोणी विचारत नाही. झाल्या, पार्व्होच्याही अन् रेबीजचीही.

चांद्या बॉर्डर कोली आहे, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांचं कुत्रं. पुतण्यानं हौसेनं नागपूरच्या फ्लॅटमध्ये आणलं. सोफा फाडून झाला तेव्हा ते आमच्या गोठ्यात आलं. आता दहा महिन्यांचा आहे.

त्याच्या केसांचे दोन थर आहेत. आत मऊ लव, वर लांब केस. वरचा थर ऊन कातडीला लागू देत नाही. आपण वावरात जाताना डोक्याला दुपट्टा बांधतो, तसंच ते. कातरलं तर कातडी भाजते, शिवाय केस परत धड येतीलच असं नाही. आतली लव उन्हाळ्याच्या तोंडावर गळते, ती तेवढी विंचरून काढायची. गुंता राहिला तर हवा खेळत नाही. फाल्गुनात रोज मूठ मूठ निघते, चिमण्या घरट्याला नेतात.

पण खरं भ्या केसांचं नाहीच, त्याच्या स्वभावाचं आहे. गावठी कुत्रं अकरा वाजले की बंडीखाली जाऊन पडतं. याला ती अक्कल नाही. बकऱ्या दिसल्या की मान खाली, डोळे रोखलेले, मग धापा लागोत की काही होवो, तो थांबत नाही. अन् कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते गार होतं.

यंदा मार्चमध्ये चूक माझीच झाली. अजून तर होळी चालू आहे म्हणत साडेदहापर्यंत त्याला धुऱ्यावर राहू दिलं. मागचे पाय लटपटले, जीभ लालभडक, लाळ चिकट. गडी म्हणाला, आधी गाडीत टाका. मी म्हटलं, आधी मोटर चालू कर. निंबाच्या सावलीत पोटावर, जांघेत साध्या पाण्याची धार धरली, मग ओलाच गाडीत घातला, काचा उघड्या ठेवून. दवाखान्यात पोचलो तेव्हाही ताप 104 होता. कुत्र्याचा एरवी 101 ते 102.5 असतो. डॉक्टर म्हणाले, भिजवून आणलं म्हणून हाती लागला.

कातरा म्हणणाऱ्यांचं एक खरं आहे, एवढ्या केसांत गोचीड दिसत नाही. म्हणून रोज संध्याकाळी बोटांनी चाचपते: कानामागं, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. शेजारच्या भाऊंनी तर गाईच्या गोचिडांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन नावाचं औषध सिरिंजमध्ये भरूनच आणलं होतं. "टोचून टाकू, एकाच सुईत काम." मी हात धरला. कोली वंशातल्या काही कुत्र्यांत जन्मजात दोष असतो, त्यांच्या मेंदूत हे औषध शिरतं. बॉर्डर कोलीत तो कमी आढळतो, पण आढळतो. अन् ढोरांच्या औषधाचा अंदाजे डोस तर कुठल्याच कुत्र्याला देऊ नये. भाऊ दोन दिवस बोलले नाहीत.

आता घड्याळ माझ्या हातात. पहाटे पाचला बाहेर, साडेसातला घरात. दुपारी कूलरसमोर भाकरीचे तुकडे टोपल्यांखाली लपवते, तो शोधत बसतो. डोकं थकलं की अंगही निजतं.

साडेपाचला तो दाराशी येऊन उभा राहतो अन् बकऱ्यांकडे पाहतो तसाच माझ्याकडे पाहतो. मी उठते, अंगणातल्या फरशीला हाताची उलटी बाजू लावते, मनात सातपर्यंत मोजते; तेवढा वेळ हात टिकला तरच त्याला बाहेर सोडायचं, नाहीतर पाय भाजतात. त्याची नजर माझ्या हातावर. काल चार मोजतानाच हात उचलावा लागला.