कागदी सौद्यांची वही, नोंद 9: निफ्टी वर, कॉल खाली

मंडळी, खरा पैसा न लावता निफ्टीच्या ऑप्शनचे सौदे नुसते वहीत लिहिताना अडलेलं कोडं सुटलं. मागच्या दोन नोंदींत एकच तक्रार होती: दिशा बरोबर, निफ्टी वर, आणि वहीत मात्र लाल आकडा. चूक अंदाजात नव्हती, वहीच्या रकान्यांत होती. प्रीमियम (ऑप्शनची किंमत) एकाच रकान्यात लिहिला की पैसे कुठे गेले ते दिसतच नाही. नव्या पेठेतून आणलेल्या लांब खातेवहीत आता प्रत्येक सौद्याला तीन रकाने आखले आहेत: इन्ट्रिन्सिक व्हॅल्यू (हक्क आत्ताच वापरला तर मिळणारी रक्कम), टाइम व्हॅल्यू (किमतीतला उरलेला, मुदतीचा भाग) आणि आयव्ही (बाजाराने धरलेली चढउताराची वार्षिक टक्केवारी).

नव्याने आलेल्यांना सोलापुरी हिशेबात सांगायचं तर असं. टॉवेलच्या कारखानदाराने सुताचा भाव महिनाभरासाठी बांधून घ्यायला परत न मिळणारा विसार दिला, की तो कॉल झाला. सूत महागलं तर बांधल्या भावाने उचलायचं, उतरलं तर विसार सोडून द्यायचा. पण सूत पाच रुपयांनी चढलं म्हणून विसाराची किंमत पाचने चढत नाही. मुदतीचे दिवस किती उरले आणि भाव किती उड्या मारतोय, याचेही पैसे त्यात असतात.

आता सौदा 14. आकडे गोल केले आहेत, व्याजदर शून्य धरला आहे, लॉट (एका सौद्यातले नग) 2025 मधला, 75 चा. लॉट अधूनमधून बदलतो, म्हणून एनएसईचं (राष्ट्रीय शेअर बाजाराचं) ताजं परिपत्रक पाहूनच वहीत लिहा.

बुधवार. निफ्टी 25,000, आयव्ही 16, मंगळवारच्या एक्स्पायरीला (मुदत संपायला) 6 दिवस. 25,000 चा (हा बांधलेला भाव म्हणजे स्ट्राइक) कॉल 205 ला. यात इन्ट्रिन्सिक शून्य, सगळे 205 टाइम व्हॅल्यू. सोमवारी निफ्टी 25,100, आयव्ही 12, उरला 1 दिवस. कॉल 125. शंभर पॉइंट मिळूनही 80 रुपये गेले, म्हणजे लॉटमागे 6,000.

हे 80 असे फुटतात. निफ्टी जागचा हलला नसता आणि आयव्ही 16 च राहिली असती, तर कॉल 84 वर आला असता: थीटाने (नुसते दिवस सरण्याने) 121 खाल्ले. निफ्टीच्या शंभर पॉइंटांनी 59 परत दिले. आयव्ही 16 वरून 12 वर आली, त्यात 18 गेले. बुधवार ते सोमवार या मुदतीत शनिवार-रविवार येतात, बाजार बंद असला तरी दिवस मोजलेच जातात. ही फोड वहीत पहिल्यांदा पैशाला पैसा जुळली, आणि तो रकाना बघताना खरंच समाधान वाटतं.

मग उपाय काय? पहिला विचार खालची स्ट्राइक घेण्याचा. 24,800 चा कॉल 319 चा 302 झाला. नुकसान 17 वर आलं, पण लॉटमागे जवळजवळ 24,000 रुपये गुंतले. दुसरा उपाय बुल कॉल स्प्रेडचा: 25,000 चा कॉल 205 ला घ्यायचा, 25,200 चा 121 ला विकायचा. निव्वळ खर्च 84. सोमवारी 125 वजा 25, म्हणजे 100. तोच अंदाज, तेच दिवस, आणि 16 रुपये फायदा: लॉटमागे 1,200. जास्तीत जास्त तोटा 6,300, जास्तीत जास्त नफा 8,700. निफ्टी 25,500 गेला तरी नफा तिथेच थांबतो, हे मान्य करूनच हा सौदा घ्यायचा.

ऑर्डरचा क्रम पक्का ठेवा. घेताना आधी खरेदीचा पाय, मग विक्रीचा. तसं केल्यावर मार्जिन (दलालाकडे ठेवायची अनामत) कमी लागतं. सोडताना उलट: आधी विकलेला परत घ्या, मग घेतलेला विका. नाहीतर मधल्या वेळात विकलेला कॉल उघडा पडतो.

आणखी एक दुरुस्ती, आणि ती जुन्या सगळ्या नोंदींना लागू आहे. आपण एलटीपीवर (शेवटच्या झालेल्या सौद्याच्या भावावर) सौदे लिहीत होतो, ते चूक. खरेदी आस्कवर (विकणारा मागतो तो भाव), विक्री बिडवर (घेणारा देतो तो भाव) लिहा. स्प्रेडमध्ये हे चार वेळा होतं. दर वेळी एकच रुपया गेला तरी 16 मधले 4 गेले. वर चार ऑर्डरींची दलाली, जीएसटी, विक्रीवरचा एसटीटी (शेअर बाजारातल्या सौद्यांवरचा कर). 1,200 मधले हातात किती उरतात ते लिहिल्याशिवाय सौदा बंद समजू नका.

साधनांबद्दल: एनएसईच्या संकेतस्थळावरची ऑप्शन चेन (सगळ्या स्ट्राइकच्या भावांचा तक्ता) मोफत आहे, त्यात बिड, आस्क, आयव्ही सगळं मिळतं. शिकायला तेवढं पुरतं. टेलिग्रामवर पैसे घेऊन टिप्स देणाऱ्यांकडे वळूच नका. सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) नोंदणी नसेल तर तो सल्ला बेकायदा आहे. सेबीच्याच 2024 च्या पाहणीत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये) व्यवहार करणाऱ्या दर 100 वैयक्तिक गुंतवणूकदारांतले 93 तीन वर्षांच्या हिशेबात तोट्यात होते. म्हणूनच वहीत 50 सौदे पुरे होईपर्यंत खरा रुपया लावायचा नाही, हा नियम कायम.

पुढची योजना शेअरवरच्या ऑप्शनची होती. ती आता पुढे ढकलावी. तिथे बिड-आस्कमधलं अंतर मोठं असतं, आणि एक्स्पायरीला सौदा पैशात राहिला (इन्ट्रिन्सिक शून्याच्या वर) तर शेअरची प्रत्यक्ष डिलिव्हरी घ्यावी लागते, म्हणजे पूर्ण लॉटची रक्कम उभी करा. त्याऐवजी हे लिहिता लिहिता सुचलेला चौथा रकाना: सौद्याआधी जागच्या (चालू भावाच्या) स्ट्राइकचा कॉल आणि पुट (बांधल्या भावाने विकायचा हक्क) यांची बेरीज. वरच्या उदाहरणात 205 अधिक 205, म्हणजे 410. म्हणजे एक्स्पायरीपर्यंत 24,590 ते 25,410 एवढ्या हालचालीची किंमत बाजाराने आधीच लावली होती, आणि आपण शंभर पॉइंटांवर खूश होतो.

याची खरी परीक्षा जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास होईल, कारण कंपन्यांचे डिसेंबर तिमाहीचे निकाल तेव्हाच सुरू होतात. निकालाआधी आयव्ही फुगते आणि निकाल लागताच बसते. तेव्हा आयटीतले दोन शेअर निवडून निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी 3 वाजता आणि निकालानंतरच्या दिवशी सकाळी 10 वाजता फक्त बेरीज आणि आयव्ही टिपायची. सौदा घ्यायचा नाही. कोण कोणता शेअर घेणार ते आधी कळवा, दोघांचा एकच नको.