तेरच्या पांढरीवरून समुद्राचा पहारा

धाराशिवहून एसटीनं तेरला गेलो ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला. दर्शन झालं आणि उरलेली सारी दुपार लामतुरे संग्रहालयात गेली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात सापडणारं एकेक खापर, मणी, मातीची बाहुली आयुष्यभर वेचून जपली. त्यांच्यामुळेच हे आज आपल्याला पाहायला मिळतं. इथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसमोर तर मी खिळून राहिलो. तशाच घडणीची मूर्ती इटलीत, इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडली आहे.

तेरणेच्या काठावरून समुद्र किती लांब! पण पहिल्या शतकातला एक ग्रीक भाषिक व्यापारी 'पेरिप्लस' या समुद्री व्यापाराच्या माहितीपुस्तकात लिहितो, की गुजरातेतल्या भडोच बंदराहून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. इथलं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई.

भडोचची खाडी मोठी अवघड. ओहोटीला जहाज गाळात रुतायचं, भरतीचा लोंढा ते उलटवायचा. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी त्रप्पग आणि कोटिंब नावाच्या मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात, परदेशी जहाजं गाठत आणि वाट दाखवत, ओढत बंदरात आणत. कल्याणची गोष्ट वेगळी. सत्तापालटानंतर तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची भीती असे. ज्याच्या बंदरात माल उतरला, जकात त्याची. मला तर यात, भडोच हाती असलेल्या क्षत्रप राजांनी पैठणच्या सातवाहन राजांची केलेली आर्थिक कोंडीच दिसते, आणि तिची झळ तेरच्या विणकरापर्यंत पोहोचल्याशिवाय कशी राहील?

समुद्रावर पहारा ठेवायचा कोणी, हा प्रश्न स्वतंत्र भारतापुढेही आला. 1960 नंतरच्या काळात आखातातून गलबतांनी चोरटं सोनं पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागलं. कस्टमच्या हाती असलेल्या बोटी त्याला पुऱ्या पडेनात, सारखी नौदलाची मदत घ्यावी लागे. यावर उपाय सुचवायला 1974 मध्ये रुस्तमजी समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून 1 फेब्रुवारी 1977 ला तटरक्षक दल उभं राहिलं. सुरुवातीचा ताफा केवढा? नौदलाची 'कुठार' आणि 'कृपाण' ही दोन जुनी जहाजं आणि पाच गस्ती नौका! एवढ्यावर साडेसात हजार किलोमीटरच्या किनाऱ्याची राखण करायला निघालेल्या त्या पहिल्या खलाशांबद्दल मला फार आदर वाटतो. ऑगस्ट 1978 मध्ये दलाचा स्वतंत्र कायदा झाला.

समुद्रावरचा पहारा ही कोकणाची बाब, असं आपण मराठवाड्यातले लोक धरून चालतो. तेर पाहिल्यावर मला ते अजिबात पटत नाही.

तुम्ही गेलात तर संग्रहालयाला निदान अर्धा दिवस द्या, आणि त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर चुकवू नका. त्याचं गजपृष्ठाकार छत मागच्या बाजूनं जास्त नीट दिसतं.