सात ते साडेआठ फोन का उचलत नाही

सख्ख्या नणंदेपासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. परवा गॅस सिलिंडरवाल्यानेही विचारलं, "ताई, संध्याकाळी तुमचा फोन लागतच नाही, रेंज नसते का घरात?" रेंज आहे. फोन बंद करून मी तो कपड्यांच्या कपाटात, चादरींच्या खाली ठेवते. सात ते साडेआठ. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे दर लग्नात, दर बारशात नव्याने सांगायला नको.

आधी दोन गैरसमज. मी कुठलाही पंथ घेतलेला नाही. आणि हे "मोहित्यांचे वडगावचं बघून" सुरू केलं असं जे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. कडेगाव तालुक्यातल्या त्या गावात 2022 च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, आणि दीड तास गावातले फोन, टीव्ही बंद होतात. करोनात पोरांना मोबाइलची सवय लागली, ती मोडायला गावाने हे ठरवलं. वेळ मी त्यांच्याकडूनच उचलली. पण त्यांना पोरांचा अभ्यास होता. माझी पोरगी तेव्हा हिंजवडीत नोकरीला लागलेली. मला कारण दुसरं होतं, आणि ते त्याच्या तीन वर्षं आधीचं.

माझे वडील, आण्णा, गलाईवाले. विट्याकडच्या माणसाला यापुढे काही सांगायला लागत नाही. सोनारांकडचं जुनं सोनं, दुकानातली झाडलोट, सगळं मुशीत घालून गाळायचं आणि शुद्ध करून द्यायचं. आण्णांची सगळी उमेद सेलमला गेली, भट्टी आणि तेजाबाच्या वासात. साठी उलटल्यावर दुकान भावाच्या हाती देऊन विट्याला येऊन राहिले. बोलायचे कमीच. बोलले तर तमिळ शब्द मध्ये मध्ये यायचे आणि आई चिडायची.

24 मार्च 2019, रविवार. मी सांगलीहून विट्याला गेले होते. पतसंस्थेत मी हिशोब बघते, आणि मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्यांनाच कळेल. थकबाकीची यादी, वसुली, ऑडिटरचे फोन. आण्णा सोप्यात पोत्यावर बसून शेंगा फोडत होते. मी पायरीवर, हातात फोन. आत आईची मालिका चालू. आण्णांनी बोलायला सुरुवात केली. कसल्याही प्रस्तावनेशिवाय, जणू आदल्या दिवशी अर्धं सांगून झालं होतं.

वीस-पंचवीस मिनिटं बोलले असतील. मी "हं" म्हणत होते. "अच्छा" म्हणत होते. एकदा "मग?" असंही म्हणाले, हे मला नक्की आठवतं. एवढं सगळं मी म्हटलं, पण ऐकलं काही नाही. "सेलमला दुकानासमोर" हे दोन शब्द कानावर आले होते. "पावती" आला होता. आणि एक तुटकं वाक्य, "त्याला मी परत काही..." पुढचं नाही. परत काही दिलं नाही? परत काही विचारलं नाही? परत काही भेटलो नाही? पुढचे महिने मी त्या क्रियापदावर घासत बसले.

शेवटी त्यांनी सुपातल्या शेंगदाण्यांवर फुंकर मारली, टरफलं उडाली, काही माझ्या फोनवर पडली. मी ती झटकली. आण्णा म्हणाले, "आलं का ध्यानात?" मी म्हणाले, "हो आण्णा." ते उठले, दाणे डब्यात ओतले, झाकण लावलं आणि देवळाकडे गेले.

गुरुवारी पहाटे त्यांना अटॅक आला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

दहाव्याला भावाला विचारलं, सेलमला दुकानासमोरचं काय? तो म्हणाला, "दुकानासमोर काय एक आहे का? आधी चहावाला, मग कापडवाला, आता मोबाइलवाला." पावतीचं विचारलं तर थोडा तुटकच बोलला, "आण्णांनी कुणाचं काही ठेवलेलं नाही." त्याला वाटलं, मी हिशोब काढतेय.

मग मला एक दुर्बुद्धी सुचली. त्या संध्याकाळी मी फोनवर काय करत होते, ते मागे जाऊन बघितलं. सगळं होतं. 7 वाजून 2 मिनिटांपासून 7 वाजून 25 पर्यंत अकरा मेसेज. आण्णांचा एक शब्द मला देता येत नाही, पण माझे अकराच्या अकरा, मिनिटासकट, जसेच्या तसे. त्यातले चार यादीचे होते. बाकीच्या सातांत एक, कुणाच्या तरी बदलीवर मारलेला टोमणा आणि त्यावर आलेली हसरी तोंडं. एक, इरकल साडीचा फोटो, "कितीला?" एक नुसता अंगठा.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, मार्च एंड होता बाई, त्याच कामाचा पगार घेतेस ना? म्हणते, आण्णांनी तरी माझं कधी ऐकलं? दहावीनंतर मला सायन्सला जायचं होतं, तेव्हा ते सेलमहून पंधरा दिवस आले होते आणि रोज पेपर वाचत होते. हे खरंच आहे, त्यात काही खोटं नाही. आणि ती म्हणते, चार मेसेज तरी कामाचे होते. चार होते, कबूल.

लोकांनी सांगितलं म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिरही केलं. पहिल्या दिवसाआधीच फोन जमा, पहाटे चारला घंटा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस फक्त नाकातून येणारा-जाणारा श्वास बघायचा. मी श्वास बघितला, गुडघे बघितले, आणि पाचव्या दिवशी लक्षात आलं की डोळे मिटून मी पुन्हा सोप्यातच बसलेय, आण्णांचे ओठ हलताहेत आणि आवाज नाही. जे आहे ते बघा, म्हणतात तिथे. मी जे निसटलं तेच बघायला गेले होते. शिबिराला नाव ठेवत नाही, अनेकांना फरक पडलेला मी पाहिलाय. मला दहाव्या दिवशी बोलायला मिळालं आणि पहिलं वाक्य निघालं ते जेवणातल्या मिठाबद्दल.

लेकीने मध्यंतरी एक अभ्यास पाठवला. 2010 चा, हार्वर्डचा. 2,250 माणसांना दिवसभरात मध्येच विचारत राहिले, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. विचारायचं कशावरून, तर फोनवरूनच. लेक म्हणाली, "बघ आई, फोन नसता तरी निम्मं तुझ्याकडून सुटलंच असतं." हिशोब मला पटला. पण निम्मं म्हटलं तरी दहा-बारा मिनिटांचं बोलणं माझ्या पदरात पडलं असतं. पावती कशाची, एवढं तरी.

तर, सात ते साडेआठ. त्या वेळात मी ध्यान वगैरे करत नाही. भाकरी थापते. आई आता माझ्याकडेच असते, ती बोलते. तीच ती गोष्ट, तिच्या मामाच्या बैलाची, आठवड्यातून तीनदा. मला कंटाळा येतो. कधी मन सरळ उद्याच्या व्हाउचरवर जातं आणि तोंडातून "हं" निघतो. तो "हं" आता मला ओळखू येतो. मग म्हणते, "आई, काय म्हणालीस?" ती म्हणते, "काय न्हाई, बैलाचंच."

आता तो प्रश्न, जो तुम्ही विचारत नाही पण तुमच्या मनात असतो. मागच्या पावसाळ्यात लेकीची स्कूटर वाकडला घसरली. तिने मला सहा वेळा फोन लावला, सात-दहा ते आठच्या दरम्यान. हात मोडला नव्हता, खरचटलं होतं, पण ती रस्त्याच्या कडेला एकटी बसून आईला फोन लावत होती, आणि आई बैलाची गोष्ट ऐकत होती. पावणेनऊला बोलणं झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "असू दे. जेवलीस?" हे बोलणं मला टोमण्यापेक्षा लागलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. नणंदबाई म्हणतात, मग बंद कर हे खूळ. करीनही. अजून केलेलं नाही.

सध्या शेजारच्या काकूंचा नंबर लेकीला, भावाला आणि ऑफिसात दिलाय. तसंच काही असेल तर त्यांना लावा, त्या भिंतीवर थाप मारतात. बाकीच्यांनी साडेआठनंतर. आणि प्रामाणिकपणे सांगायचं, तर काल आठ-दहालाच चादरीखालून काढला होता. एकही मिस्ड कॉल नव्हता, तरी परत ठेवला नाही.